संडास एक, दारं दोन: घराची किंमत काढताना बाथरूम मोजायचं कसं?

गेल्या महिन्यात या सदरात कार्पेट एरियावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली आणि फोनवर जे फोटो आले त्यात बाथरूमचे एवढे निघाले की या खेपेला दुसरं काही घ्यायचंच नाही असं ठरवलं. मी बेळगावात बँकेच्या कर्जासाठी आणि घरगुती वाटणीसाठी व्हॅल्युएशनचं काम करतो, दिवसभर टेप घेऊन लोकांच्या घरात फिरणं हाच धंदा, आणि सोपा, माजघर, बेडरूम मोजताना कोणी पाठीमागं येऊन बघत नाही पण न्हाणीपाशी टेप लावला की अख्खं घर गोळा होतं. आपल्याकडची घरं एका दमात, एका नकाशावर बांधलेली नाहीत ना. आजोबांनी सोपा-माजघर बांधलं, वडिलांनी माडी चढवली, मुलानं लग्नाच्या आधी अटॅच्ड काढलं, परड्यात पूर्वीचा संडास तसाच राहिला, जिन्याखाली पाहुण्यांसाठी आणखी एक झाला. मग विकताना नाहीतर वाटणी करताना कागदावर रकाना येतो, बाथरूम किती, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): सर, आम्ही दोघं भाऊ. घर आजोबांच्या वेळचं, मध्ये भिंत घालून दोन वाटण्या केल्यात. बाथरूम-संडास मात्र एकच, मागं मधोमध, त्याला एक दार माझ्याकडनं आणि एक दार थोरल्याकडनं. आता थोरला त्याची बाजू विकायची म्हणालाय. त्याच्या व्हॅल्युएशनमध्ये "बाथरूम १" लिहून आलंय. उद्या मी माझं करून घेतलं तर माझ्यात पण १ लिहिणार काय? मग दोन होतात की ओ, आणि आहे तर एकच.

उत्तर: दादा, आधी सोपं सांगतो. दारं कितीही असोत, पॉट (संडासाचं भांडं) एक, न्हाणी एक, तर बाथरूम एकच. एका घरात दोन बेडरूमच्या मध्ये दोन दारांचं बाथरूम असलं तरी ते एकच धरायचं, दोन्ही खोल्यांपुढं "अटॅच्ड" लिहून आकडा फुगवायचा नाही. पण तुमच्यात दोन खोल्या नाहीत, दोन मालक आहेत, आणि तिथं मोजणीच्या आधी हक्काचा प्रश्न येतो.

तुमच्यासारखंच एक घर मी तुमच्याच भागात मोजलंय. शेजारी यंत्रमागाची खटखट चाललेली, मी आत टेप धरून उभा, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब, म्हणजे ३२ चौरस फूट. नॅशनल बिल्डिंग कोड (२०१६) एकत्र न्हाणी-संडासाला कमीत कमी २.८ चौरस मीटर म्हणजे साधारण ३० चौरस फूट मागतो आणि रुंदी १.२ मीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट, त्यामुळं मापात ते व्यवस्थित बसत होतं. पण बघण्यासारखं होतं ते दुसरंच. दोन्ही दारांना आतनं पण कडी आणि बाहेरनं पण कडी. जो आत जाईल त्यानं समोरच्याचं दार आतनं लावायचं आणि बाहेर पडताना आठवणीनं काढायचं. लाल बादली एका भिंतीला, निळी दुसऱ्या भिंतीला, दोन साबणदाण्या, आणि नळ मात्र एकच, मधोमध. घरातल्या आजी मला म्हणाल्या, "सकाळी कडी काढायला इसरला की दिवसभर बोलणं बंद." मी त्यांचे कागद मागितले. खूप जुना, मराठीतला कागद निघाला, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचा, १९५६ च्या आधीचा, त्यात स्वच्छ लिहिलेलं, "न्हाणी, शेतखाना, आड व परसू सामाईक" (शेतखाना म्हणजे संडास). नंतर भावाभावांचं वाटणीपत्र झालं ते कन्नडमध्ये, त्यात खोल्यांची मापं, चतुःसीमा, सगळं बरोबर, पण सामाईक हा शब्दच गळलेला. न्हाणी एका भावाच्या चतुःसीमेत गेलेली. दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण कडी-बादलीचा कारभार वर्षानुवर्षं तसाच चालू होता.

म्हणून तुम्ही पहिलं काम हे करा, दोघांनी बसून वाटणीपत्र वाचा, कन्नड नीट वाचता येणारा कोणीतरी सोबत घ्या, शौचालय आणि स्नानगृह हे शब्द तिकडं पण तेच आहेत त्यामुळं सापडतील, आणि बच्चलमनी असं लिहिलं असेल तर ती न्हाणी. सामाईक असेल तर दोघांच्याही रिपोर्टात लिहायचं असं: "स्वतंत्र बाथरूम नाही; न्हाणी-संडास एक, सामाईक, अर्धा अविभाज्य हिस्सा." एकात १ आणि दुसऱ्यात १ लिहिणं हे चूकच, घेणाऱ्याची फसवणूक होते, तुमच्या थोरल्यांचा तसा हेतू नसला तरी. आणि न्हाणी कागदावर एकाच्याच हद्दीत असेल तर दुसऱ्याकडं नुसती वहिवाट उरते, तिला किती धरायचं ते वकिलाला विचारल्याशिवाय मी तर आकडा घालत नाही.

आता किंमत. बाथरूमच्या बांधकामाची किंमत निम्मी-निम्मी केली म्हणजे झालं असं वाटतं पण तसं होत नाही. बाहेरचा माणूस घर घेणार तो परक्या कुटुंबाबरोबर कडीचा खेळ खेळणार नाही, तो पहिल्या महिन्यातच स्वतःचं बाथरूम बांधणार. मग मी असं करतो: त्या बाजूला स्वतंत्र बाथरूम असतं तर काय किंमत आली असती ती काढतो, त्यातनं नवीन बांधायला आज जो खर्च येईल तो वजा करतो, पॉट, फरशी, वॉटरप्रूफिंग, पाइप, आणि मुख्य म्हणजे ड्रेनेजला उतार मिळतो का ते बघून यूजीडी म्हणजे जमिनीखालच्या गटाराच्या कनेक्शनचा खर्च. वडगाव-शहापूरच्या अरुंद, लांबच लांब घरांत उतार मिळवायला कधीकधी अख्खं माजघर उकरावं लागतं, तो खर्च पण धरायचा. खरं सांगू का, विकायच्या आधीच तुमच्यातल्या एकानं दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा, त्या पैशात दुसऱ्यानं आपल्या बाजूला नवीन काढावं, मधलं एक दार विटांनी बुजवावं आणि तसा दुरुस्तीचा कागद रजिस्टर करावा. स्थावराच्या वाटणीचा कागद १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्याच्या कलम १७ खाली नोंदवावाच लागतो, शंभराच्या स्टॅम्पवर सह्या करून ठेवू नका.

प्रश्न (निपाणी): नमस्कार. घरावर कर्ज काढलं, बँकेच्या व्हॅल्युअरनं रिपोर्ट दिला त्यात "वॉटर क्लोजेट ३, वॉश बेसिन १, बाथ टब नाही" असं आहे. आमच्या घरात बाथरूम दोन आहेत, दोन्ही अटॅच्ड. तीन कुठनं आले? आणि बेसिन एकच म्हणजे बाथरूम एकच धरलं असा अर्थ होतो का? घराला लागून जुनी तंबाखूची वखार आहे, ती आता बंद आहे. आणि कार्पेट एरियात बाथरूम धरतात का?

उत्तर: तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो. आपल्याकडचा व्हॅल्युएशनचा जो नमुना आहे तो मुळात बाथरूम मोजतच नाही, भांडी मोजतो. वेल्थ टॅक्सच्या १९५७ च्या नियमांत ओ-१ नावाचा फॉर्म होता, स्थावर मालमत्तेच्या व्हॅल्युएशनचा, त्यात सॅनिटरी इन्स्टॉलेशन म्हणून एक भाग, आणि त्याखाली ओळीनं विचारलेलं: वॉटर क्लोजेट किती, बेसिन किती, युरिनल किती, सिंक किती, बाथ टब किती, बिडे किती, गीझर किती, आणि फिटिंगचा दर्जा उत्तम की साधा. वेल्थ टॅक्स २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण बँकांच्या रिपोर्टात ते रकाने अजून तसेच चालू आहेत. म्हणून तुमच्या रिपोर्टातला ३ हा बाथरूमचा आकडा नाही, पॉटचा आकडा आहे. आणि बेसिन १ म्हणजे तुमच्या डायनिंगमध्ये किंवा पॅसेजमध्ये असलेलं ते एक, आपल्याकडं बेसिन बाहेरच असतं, त्यामुळं बाथरूम कमी धरलं असं काही होत नाही.

मग तिसरा पॉट? तुम्ही शेवटी जाता जाता वखारीचं लिहिलंत, मला वाटतं तिथंच तो आहे, कामगारांसाठी बांधलेला. व्हॅल्युअरनं आवारात दिसला म्हणून मोजला असणार. वखार तुमच्याच उताऱ्यात असेल तर तो मोजणं चूक नाही, पण घराच्या रकान्यात नको, वखारीच्या रकान्यात हवा. तसं पत्र देऊन दुरुस्त करून घ्या. वखारीचा उतारा वेगळा असेल, भावकीच्या नावावर असेल, तर मात्र तो रिपोर्टातनं काढायलाच पाहिजे कारण उद्या वसुलीची वेळ आली तर भलत्याच जागेचा वाद उभा राहतो.

माझी स्वतःची पद्धत विचाराल तर मी रकान्यात आकडा घालतो आणि खाली शेऱ्यात एक-दोन ओळी लिहितो, "तळमजला: अटॅच्ड १, इंडियन, पहिला मजला: अटॅच्ड १, कमोड, बेसिन पॅसेजमध्ये", आणि हातानं काढलेलं एक छोटं स्केच जोडतो. दहा मिनिटं जास्त जातात. पण पाच वर्षांनी तो रिपोर्ट जो कोणी उघडेल त्याला घर डोळ्यांपुढं दिसतं. नुसत्या "३" मधून काय दिसणार?

आणि एक गैरसमज, की बाथरूम वाढलं की तेवढ्या पटीत किंमत वाढते. बँकेसाठी आपण बहुतेक वेळा जमिनीची किंमत अधिक बांधकामाची किंमत, त्यातनं वयाप्रमाणं घसारा, अशा रीतीनं जातो. त्यात बाथरूम बांधकामाच्या चौरस फुटांत आणि दरात आधीच आलेलं असतं, त्याचा वेगळा गुणाकार नसतो. सब-रजिस्ट्रारकडची गायडन्स व्हॅल्यू (सरकारनं ठरवलेला कमीत कमी दर) पण जागेच्या आणि बांधकामाच्या क्षेत्रफळावर जाते, बाथरूम दोन का तीन हे तिथं कोणी विचारत नाही. आकड्याला खरा अर्थ येतो तो शेजारपाजारच्या विक्रीशी तुलना करताना आणि भाड्याचा अंदाज काढताना. पोरांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरात, म्हणजे उद्यमबाग-टिळकवाडीकडं, सहा पोरांना एक एकत्र बाथरूम आणि सहा पोरांना न्हाणी वेगळी संडास वेगळा यात सकाळी आठ वाजता जमीन-अस्मानाचा फरक पडतो, जरी मोजायला दोन्हीकडं पॉट एकच असला तरी.

कार्पेट एरियाबद्दल पण तुम्ही खाली एका ओळीत विचारलंय. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याप्रमाणं कार्पेट एरियात आतल्या पार्टिशनच्या भिंतींसकट बाथरूम येतं, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी, उघडी गच्ची येत नाही. पण भारतीय मानक ३८६१ ही मोजमापाची जुनी पद्धत धरली तर कार्पेट एरियातनं न्हाणी-संडास वगळतात. एकाच घराचे दोन रिपोर्ट दोन आकडे सांगताहेत म्हणून भांडायच्या आधी कुठली पद्धत धरलीय ते विचारा.

प्रश्न (खानापूर तालुका): काका, माहेरचं घर जांभ्याच्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं. आत न्हाणी आहे, शहाबादी फरशीची, कोपऱ्यात चूल आणि त्यावर तांब्याचा बंब. संडास परड्यात, ग्रामपंचायतीच्या १२ हजारांच्या अनुदानातनं बांधलेला. आईच्या मागं आम्ही चौघं भावंडं किंमत काढतोय. धाकटा भाऊ बेंगळूरला असतो, तो म्हणतो या घरात बाथरूम शून्य आहे, तसंच लिहा. मला ते वाचून वाईट वाटलं. खरंच शून्य लिहायचं का?

उत्तर: नाही ताई, शून्य लिहायचं नाही. आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, ते चूक आहे म्हणून म्हणतोय.

न्हाणी म्हणजे काय? चार भिंती, दार, पाणी जायला वाट, अंघोळ करायची सोय. एवढं आहे ना? मग ती एक न्हाणी आहे. बिल्डिंग कोडमध्ये पण न्हाणी आणि संडास वेगवेगळे असतील तर दोन्हीची मापं वेगळी दिलीत, नुसत्या न्हाणीला कमीत कमी १.८ चौरस मीटर, साधारण साडेएकोणीस चौरस फूट, आणि नुसत्या संडासाला १.१ चौरस मीटर, म्हणजे बारा चौरस फुटाला थोडंसं कमी. तुमच्याकडच्या जुन्या न्हाण्या याच्या दुप्पट पण असतात, कारण तिथं नुसती अंघोळ होत नव्हती, बाळंतिणीचा शेक, लहान पोरांना तेल लावणं, पावसाळ्यात कपडे वाळवणं, सगळं त्या चुलीच्या उबेत व्हायचं. मी जांबोटीच्या बाजूला एका घरात गेलो होतो ऐन जुलैमध्ये, बाहेर धो धो पाऊस, सगळ्या घराच्या भिंती ओलसर, हात लावला की गार, आणि न्हाणीची भिंत मात्र कोरडी, काजळीनं काळी झालेली पण कोरडी. बंबाच्या तोटीखाली फरशीला वर्षानुवर्षं पाणी पडून वाटीएवढा खळगा पडलेला. हे सगळं रिपोर्टात येत नाही, पण शून्य लिहिलं तर त्या जागेचं क्षेत्रफळ पण हिशोबातनं उडतं आणि ते चालणार नाही.

तेव्हा लिहायचं असं: न्हाणी १, घराच्या आत, पॉट नाही. संडास १, घराबाहेर. न्हाणी घराच्या बांधकामात धरायची, त्याच दरानं, त्याच घसाऱ्यानं. चुलीचा बांधीव कट्टा बांधकामात, बंब मात्र सामान, तो किमतीत धरायचा नाही, तो कोणी न्यायचा ते तुम्ही चौघं ठरवा. परड्यातला संडास घराच्या जोत्यात मिसळायचा नाही, कुंपण, आड, गोठा यांच्याबरोबर बाहेरची कामं म्हणून वेगळा दाखवायचा, आज बांधायला येईल तो खर्च वजा घसारा. १२ हजार हा स्वच्छ भारतच्या अनुदानाचा आकडा आहे, ती त्याची किंमत नाही, बहुतेकांनी त्यात पदरचे पैसे घातलेत. शोषखड्डे दोन आहेत का एक ते उघडून बघायला सांगा. दोन असतील तर एक भरला की दुसरा चालू करता येतो आणि पहिल्यातलं कुजून खत होतं, म्हणजे संडास पुढं पण चालणार. एकच असेल आणि भरत आला असेल तर तेवढी किंमत कमी. आडापासनं खड्डा किती लांब आहे ते टेपनं मोजून लिहायला लावा, मी दहा मीटरपेक्षा कमी भरलं तर ते ठळक लिहितो, घेणाऱ्याला पाणी प्यायचं असतं.

आणि घरापासनं संडासापर्यंत वर पत्रा आहे का? खानापूर भागातला पाऊस बघता पत्र्याची वाट असलेला संडास आणि छत्री घेऊन जावं लागणारा संडास यांना मी एकसारखं धरत नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडू नका, पण. विकायचं असेल आणि घेणारा शहरातला असेल तर तो घरात अटॅच्ड काढणारच, तो खर्च मनात धरूनच भाव सांगणार. पण तो बाजाराचा भाग झाला, घरात जे आहे ते नाही म्हणून लिहायचा तो अधिकार नाही.

याच पत्राच्या निमित्तानं एक सांगून टाकतो. जुन्या गावठाणात आणि शहरातल्या जुन्या गल्ल्यांत, घराच्या मागच्या बोळाला लागून, टोपलीच्या संडासाची खोली कुठंकुठं अजून उभी आहे, नकाशात पण ती संडास म्हणूनच दाखवलेली असते. ती मोजायची नाही. माणसानं माणसाचा मैला डोक्यावरनं वाहायचा ती पद्धत १९९३ च्या कायद्यानं बंद केली, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. तिला संडास म्हणून एक पैसा धरायचा नाही, साठवणीची खोली म्हणून धरा फार तर.

प्रश्न (हिंदवाडी, बेळगाव): मुलगी-जावई अमेरिकेत घर घ्यायलेत. अप्रेजलच्या कागदावर बाथ २.१ असं आहे आणि एजंट म्हणतो अडीच बाथरूम. पॉइंट एक आणि अर्धा यात फरक नाही का? शिवाय खाली तळघरात एक बाथरूम आहे ते कुठंच मोजलेलं नाही म्हणे. फसवणूक तर नाही ना?

उत्तर: फसवणूक नाही, निश्चिंत राहा. तो दशांश नाही. तिथल्या आतापर्यंत चालत आलेल्या फॉर्ममध्ये टिंबाच्या डावीकडं पूर्ण बाथरूम आणि उजवीकडं अर्धी बाथरूम लिहितात, म्हणजे २.१ म्हणजे दोन पूर्ण आणि एक अर्धं. एजंट तेच तोंडी अडीच म्हणतो. अर्धं म्हणजे कमोड आणि बेसिन, अंघोळीची सोय नाही. टब नसून नुसता शॉवर असेल तर त्याला ते पाऊण म्हणतात बोलताना, पण फॅनी मे नावाची जी मोठी संस्था तिथली घरकर्जं विकत घेते, तिच्या नियमात पाऊण पण पूर्णच धरायचं. आणि नुसता कमोड असेल, बेसिन पण नसेल, तर ते पाव, ते मोजायचंच नाही. दोन बेडरूममधल्या दोन दारांच्या बाथरूमला तिकडं जॅक अँड जिल म्हणतात, तेही एकच धरतात, वडगावच्या दादांनी हे वाचावं.

तळघराचं कारण वेगळं. जमिनीच्या पातळीखाली मजल्याचा थोडासा भाग जरी गेला तरी तो अख्खा मजला ते वेगळा धरतात, त्याचं क्षेत्रफळ आणि बाथरूम वरच्या आकड्यात मिसळत नाहीत, वेगळ्या ओळीत दाखवतात. फॅनी मे नं १ एप्रिल २०२२ पासून मोजणी अँसी या तिथल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणं सक्तीची केली त्यात पण हेच आहे. जावईबापूंना म्हणावं रिपोर्टात बेसमेंटची ओळ शोधा, तिथं ते बाथरूम सापडायला पाहिजे, नसलं तर मग विचारा.

फक्त हा हिशोब इकडं आणू नका. आपल्याकडं हल्ली ब्रोकर लोक अडीच बाथरूम, साडेतीन बाथरूम लिहायला लागलेत. अमेरिकेतला नियम आपल्या घराला लावला तर न्हाणीत कमोड नाही म्हणून ती गेली, संडासात बेसिन नाही म्हणून तो पण गेला, आणि बारा माणसं रोज अंघोळ करून कामाला जाणारं घर शून्य बाथरूमचं ठरलं. खानापूरच्या ताईंच्या भावानं बहुतेक असंच काहीतरी वाचलेलं असणार.

प्रश्न (चिकोडी): जिन्याखाली इंडियन सीट बसवलीय. मोजायची का?

उत्तर: उंची सांगा आधी. कोड २.१ मीटर मागतो, म्हणजे जवळजवळ सात फूट, आणि ती सगळ्यात सखल जागेला. जिन्याखाली ती क्वचित मिळते. पॉट म्हणून मोजा, पण शेऱ्यात "जिन्याखाली, उंची अपुरी" लिहा, आणि हवा जायला बाहेरच्या भिंतीला खिडकी नसेल तर ते पण. उभं राहून डोकं आपटतं का हे मी स्वतः आत जाऊन बघतो, मालक नको नको म्हणतात तरी.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): रीसेल फ्लॅट बघतोय, मालक तीन बाथरूम सांगतो. दोन कळली, तिसरं म्हणजे किचनमागची वॉशिंग मशीनची जागा, तिथं नळ आणि मोरी आहे, आणि अलीकडं त्यानं तिथं कमोड बसवलाय.

उत्तर: मोरी म्हणजे बाथरूम नाही, भांडी-कपड्याची जागा आहे ती. कमोड बसवला तर पॉट तिसरा झाला हे खरं, पण मंजूर प्लॅनमध्ये तिथं युटिलिटी लिहिलेलं असणार. मी प्लॅनमध्ये नसलेलं धरत नाही, वेगळ्या ओळीत "प्लॅनबाह्य" म्हणून दाखवतो. आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी कोणाचं तरी स्वयंपाकघर नाही ना बघा. संडास दुसऱ्याच्या खोलीवर येत असेल तर स्लॅब पाणी न झिरपणारा पाहिजे असा नियम आहे, आणि घाईत बसवलेल्या कमोडखाली तसं काम केलेलं मी फार कमी वेळा बघितलंय. खालच्या शेजाऱ्याच्या दारात जा, छत दाखवा म्हणावं. डाग असतील तर भाव कमी करायचं सोडा, मी तर तो फ्लॅटच सोडीन.

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): सेटबॅकमध्ये (घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत), कंपाउंडला टेकून संडास बांधलाय वडिलांनी, पंचवीस वर्षं झाली. धरतात का?

उत्तर: किमतीत नाही. आहे म्हणून लिहायचं, किंमत शून्य, आणि पाडावा लागला तर घरात दुसरी सोय आहे का ते लिहायचं. दुसरी नसेल तर घरात नवीन काढायचा खर्च वजा करायचा. पंचवीस वर्षं झाली म्हणून तो प्लॅनमध्ये जात नाही.

प्रश्न (संकेश्वर): माडीवर बाथरूमसाठी पाइप सोडून ठेवलेत, भिंती पण आहेत, पॉट नाही, फरशी नाही. बँकेनं बाथरूम धरलं नाही. बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर आहे. पाण्याचा पाइप, ड्रेनेजचा पाइप आणि भिंती यांची किंमत बांधकाम अर्धवट म्हणून मिळायला पाहिजे, ती त्यांनी धरलीय का तेवढं विचारा. बाथरूम म्हणून मोजणी पॉट किंवा न्हाणी चालू झाल्यावरच. फरशी घालायच्या आधी वॉटरप्रूफिंगचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट, पाइप कुठनं कुठं गेलाय तो फोटोत दिसला पाहिजे, आणि पुढच्या व्हॅल्युएशनला माझ्यासारखा कोणी आला की तेच फोटो त्याच्या पुढं ठेवा.